सात गुंठे विटा

पुण्याहून आमचे सामान घेऊन निघालेल्या टेंपोच्या चालकाने मागचे फळकूट लावण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारला होता, "काकू, घर हलवताय की नर्सरी?" प्रश्न रास्त होता, कारण दोन कपाटे, एक पलंग आणि पुस्तकांची अकरा खोकी यांच्या शेजारी 43 कुंड्या उभ्या होत्या, आणि कपाटे हवी तर आडवी टाका पण अनंताच्या कुंडीला धक्का लागू देऊ नका, असे मी त्याला तीनदा बजावले होते. ताम्हिणी घाटातल्या वळणांनी माझे ऐकले नाही. दापोलीजवळच्या गावी पोहोचेपर्यंत सात कुंड्यांची खापरे झाली, आणि ती मी टाकून दिली नाहीत. निचऱ्यासाठी तळाला खापरे लागतात, हे मी आमच्या ह्यांना सांगितलेले कारण. सहासष्टाव्या वर्षी माझ्याच्याने काही म्हणजे काही टाकवत नाही, हे खरे कारण.

पुण्यातल्या आमच्या बंगल्याभोवती 28 वर्षे माझी बाग होती, आणि त्या जोरावर मी त्या परिसरातली अधिकारी व्यक्ती होते. कोणाच्या मोगऱ्याला कळी धरत नसली की फोन मला येई. महिला मंडळात 'कुंडीतील गुलाब' या विषयावर मी तीन व्याख्याने दिली होती, त्यांतले तिसरे लोकाग्रहास्तव, असे निदान मी तरी सांगते. दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात दुसऱ्यांचे गुलाब मी हात मागे बांधून, परीक्षकाच्या चेहऱ्याने पाहत असे. त्यामुळे बंगला पुनर्विकासाला देऊन ह्यांच्या वाट्याच्या सात गुंठ्यांत घर बांधून राहायचे ठरले, तेव्हा सर्वांनी माझ्या गुडघ्यांची काळजी केली. माझ्या ज्ञानाची काळजी मात्र कोणालाच वाटली नाही, मला तर नाहीच नाही.

मे महिन्यातल्या पहिल्याच सकाळी मी पुण्याचे खुरपे घेऊन अंगणात उतरले आणि पहिल्याच घावाला ते वाकले. पुण्याच्या काळ्या मातीत याच खुरप्याने मी अठ्ठावीस पावसाळे काढले होते. कामाला आलेल्या गड्याने ते वाकलेले खुरपे हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "आजी, ह्याने कातळाला गुदगुल्या व्हतील." घाटावर मी काकू होते, घाट उतरून आले तर सहा तासांत आजी झाले, हे मी नोंदवून ठेवले.

आमचे सात गुंठे जांभ्याचे आहेत, हे मला कागदोपत्री ठाऊक होते. जांभा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. या दगडाला शास्त्रात लॅटराइट म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस बुकानन नावाच्या डॉक्टराने केरळात लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढताना आणि तो उघड्या हवेत आणखी कडक होताना पाहिला, आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिले. म्हणजे आयुष्याची पुंजी मोडून मी ज्यात बाग लावायला आले होते, त्या सात गुंठे विटाच होत्या. यातूनच चिरे काढून आमचे घर बांधले होते, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती.

नारळासाठी एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा हवा, आंब्यालाही तेवढाच, असे मी वाचले होते. पुस्तकात ते एका ओळीत होते. प्रत्यक्षात गड्याने पहारीने दोन दिवसांत जेमतेम अर्धा फूट खोली गाठली आणि पहार धार लावायला तालुक्याला नेली, ती चार दिवसांनी परत आणली. शेवटी खडक फोडायचा ब्रेकर बोलवावा लागला. त्याच्या आवाजाने आमच्या देवघरातली समई खाली उतरली, आणि संध्याकाळपर्यंत चार खड्डे तयार झाले. आता त्यांत भरायला माती हवी, आणि ती कातळावर नसते, विकत आणावी लागते. कोषागारात नोकरी झाल्यामुळे हिशेब मी चोख केला. चार घनमीटर म्हणजे 141 घनफूट, 100 घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा दीड ब्रासला थोडी कमी. मागवली दीड ब्रास. एवढ्या रकमेत पुण्यात मी गुलाबांची आणखी एक ओळ लावली असती, हे ह्यांना सांगितले नाही.

खड्ड्यांच्या जोडीने रोपांची खरेदी चालू होती, आणि बागेच्या या सबंध प्रकरणात मला सर्वांत जड गेली ती हीच. तालुक्यातल्या एका रोपवाटिकेत मी बाणवली या उंच जातीच्या नारळाची चौकशी केली, तेव्हा तिथल्या तरुणाने आधी नारळाकडे, मग माझ्या केसांकडे पाहिले. बाणवली फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात, असे तो अत्यंत हळुवार स्वरात म्हणाला. संकरित टी बाय डी, म्हणजे उंच आणि ठेंगण्या जातींचा संकर, चार-पाच वर्षांत धरतो. आंब्याचे कलम पाच वर्षांत बऱ्यापैकी देते. मग थोडे थांबून, एखाद्या डॉक्टरने नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगावे तसे तो म्हणाला, "नाहीतर तुम्ही पपई लावा ना. नऊ-दहा महिन्यांत होते." मी तिथल्या तिथे दोन बाणवली नारळ घेतले. तो शहाणपणा नव्हता, तो राग होता.

आंब्याच्या बाबतीत ह्यांनी लक्ष घातले. कोकण कृषी विद्यापीठाने 1992 साली काढलेल्या 'सिंधू' या जातीत कोय जवळजवळ नसते, असे मी कौतुकाने सांगितले, तर हे म्हणाले, "मग नातवंडांनी चोखायचे काय?" नातवंडे ह्यूस्टनला असतात आणि आंबा सुरीने कापून काट्याने खातात, पण या मुद्द्यावर हापूसचे कलम आले.

चौथा खड्डा कोकमासाठी होता. कोकमाचे नर आणि मादी झाड वेगळे असते, आणि बी रुजवून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, म्हणजे फळ धरत नाहीत. ते कळायला झाड फुलावर यावे लागते, आणि त्याला सात-आठ वर्षे जातात. म्हणून शहाणी माणसे मादी झाडाचे कलम लावतात. पण शेजारच्या वहिनींनी काळ्या पिशवीतले बियांचे रोप प्रेमाने आणून दिले, आणि ते नाकारणे मला जमले नाही. हे बाळ कोण आहे ते मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळणार, आणि निम्म्या शक्यतेने तेव्हा कळणार की आमसुले बाजारातूनच आणायची आहेत. रोप ओट्यावर ठेवून मी विचार करू लागले.

विचार चालू असतानाच मृग लागला. तीन खड्डे भरून झाले होते; चौथ्याची माती खड्ड्याशेजारी ढिगाने होती, ती सकाळी भरू असे गड्याने सांगितले होते. सकाळी ढीग नव्हता. रात्रभराच्या पावसाने तो उतारावरून कुंपणाच्या दगडी गडग्याखालच्या फटीतून वहिनींच्या परसात नेऊन ठेवला होता. त्या वर्षी वहिनींचा पडवळ मांडव मोडेपर्यंत लागला, आणि त्यातले दोन त्यांनी आम्हालाही पाठवले.

पुण्याला वर्षभरात साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो. इथे तो 3000 च्या वर पडतो, आणि त्यातला बराचसा माझ्या गुलाबांवर पडला. जुलैअखेर त्यांच्या पानांवर काळे ठिपके आले, मग पाने गेली, मग काटे तेवढे राहिले. 'गुलाबाला पाणी बेताने द्यावे' हे माझ्या व्याख्यानातले पहिले वाक्य होते. ते मी ढगांना कसे ऐकवणार होते? कुंड्यांवर शेवाळ चढले, चपलांवर बुरशी चढली, आणि एक दिवस चष्म्याच्या घरातही हिरवट काहीतरी उगवलेले दिसले. बागेत आपणहून उगवलेली ती पहिली गोष्ट.

पुण्याच्या कुंड्यांपैकी सर्वांत चांगली टिकली ती जास्वंद. तिला इथली हवा मानवली, ती फोफावली, आणि गणपतीच्या सुमारास तिला चाळीसेक कळ्या धरल्या. मी त्या मोजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गडग्यावर नऊ वानर ओळीने येऊन बसले आणि पावणेआठला कळ्या नव्हत्या. हे तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन धावले, पण ते येईपर्यंत वानरांचा पाहणी अहवाल पूर्ण झाला होता. त्यांतली एक म्हातारी वानरी शेवटची कळी खाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती मला ओळखीची वाटली. एम्प्रेस गार्डनमध्ये दुसऱ्यांच्या गुलाबांकडे मी त्याच नजरेने पाहत असे.

वहिनींचे सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्याच सुमारास ते कंबरेत वाकून नारळाचे रोप लावताना मला दिसले. माझ्या मनात सतत चाललेल्या वर्षांच्या बेरजा-वजाबाक्यांना इथे काही उत्तर मिळेल, पुढच्या पिढ्यांविषयी ते काही बोलतील, अशा आशेने मी गडग्याशी जाऊन विचारले, "अण्णा, या वयात नारळ कशासाठी लावता?" अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "खड्डा काढून ठेवलेला," ते म्हणाले, "उगाच मोकळा राह्यला की ढोर पडतं त्यात."

हे बोलणे होऊन आठवडाही झाला नसेल, एका पहाटे आमच्या अंगणातून हंबरडा ऐकू आला. अण्णांचे वासरू आमच्या चौथ्या खड्ड्यात मानेपर्यंत उभे होते. चार माणसे, दोन दोर, अण्णांचे मार्गदर्शन आणि ह्यांचे प्रतिमार्गदर्शन एवढे लागले, पण ते धडधाकट बाहेर आले आणि सरळ जाऊन माझा अनंत खाऊ लागले. अण्णा मला काहीही बोलले नाहीत. नुसते खड्ड्याकडे पाहून गेले.

त्याच दुपारी मी पुण्याची सात कुंड्यांची खापरे खड्ड्याच्या तळाला पसरली आणि ओट्यावरचे कोकमाचे रोप पिशवी फाडून मोकळे केले. माती कुठून आणायची, हा प्रश्न होता. तो सुटेपर्यंत गडग्यापलीकडून वहिनींनी गड्याच्या डोक्यावर पहिले घमेले दिलेसुद्धा. संध्याकाळपर्यंत तशी पन्नासेक घमेली आली. मी पैशाचे विचारले, तर म्हणाल्या, "तुमचीच हाय ती."