पुडी तुमची, नदी तुमची, पाप तुमचं

प्लास्टिकचा प्रश्न सुटत नाही याचं एकमेव कारण तुम्ही आहात. हे एकदा मनापासून मान्य करा, पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवात सांगलीच्या मंडईपासून करा. कोथिंबिरीच्या जुडीसाठी मावशींनी पातळ पिशवी पुढे केली की चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणा, "मावशी, कृष्णामाई तुमच्यामुळं मरायला टेकलीय!" 2018 च्या राज्यातल्या बंदीनुसार मावशींना पहिल्या खेपेला 5,000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि वर तीन महिने आत. टोपलीसकट सगळा माल विकला तरी 5,000 होत नाहीत, पण कायद्यापुढे सगळे समान. पिशव्या बनवणारे मंडईत बसत नाहीत, म्हणून सापडत नाहीत. त्याला कोण काय करणार?

मग शेजारच्या किराणा दुकानात जा. दारातच शाम्पूच्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या लटकलेल्या असतात. इथे मात्र आवाज चढवू नका. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या ज्या वस्तूंवर बंदी घातली त्यांत स्ट्रॉ आहे, मिठाईच्या खोक्यावरचं आवरण आहे, फुग्याची काडीसुद्धा आहे. शाम्पूची पुडी आणि वेफर्सचं पाकीट नाही. फुग्याची काडी देशाला केवढी घातक होती ते यावरून ओळखा.

हौस असेल तर एक पुडी कात्रीने उभी कापून बघा. बाहेर छापील प्लास्टिक, मध्ये अॅल्युमिनियमचा चंदेरी पापुद्रा, आत पुन्हा प्लास्टिक. नखाने सोडवू म्हणाल तर नख जाईल, पापुद्रा सुटणार नाही. भंगारवाला बाटली घेतो, पुठ्ठा घेतो, दुधाची पिशवीही घेतो. ही पुडी मात्र फुकट दिली तरी नको म्हणतो. त्याला पर्यावरणाची आस्था नाही, एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

सरकार झोपलं होतं असं मात्र समजू नका. पुनर्प्रक्रिया न होणारी असली बहुपदरी पाकिटं दोन वर्षांत बंद करा, असं केंद्राच्या प्लास्टिक कचऱ्याबाबतच्या 2016 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. दोन वर्षं भरत आली, 2018 उजाडलं आणि पाकिटाऐवजी वाक्यच दुरुस्त झालं. ज्यातून ऊर्जा मिळत नाही, ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, अशी शेपटं त्याला जोडली गेली, म्हणजे तेवढीच पाकिटं बंद व्हायची. आता जाळायला काय, भट्टीत सगळंच जळतं. पाकीट सुटलं.

आणि कंपन्यांवर जबाबदारीच नाही असं कोण म्हणतं? बाजारात सोडलेल्या प्लास्टिकची ठरल्या हिशेबाने विल्हेवाट लावायची, हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. फक्त त्यासाठी कुणी पोतं घेऊन हरिपूरच्या संगमावर यायला नको. पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घेतलं की भागतं. 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्यातली सुमारे सहा लाख प्रमाणपत्रं बनावट आढळली. तुमच्या कापडी पिशवीला एक तरी प्रमाणपत्र आहे का? बनावट चालेल. नाही ना? मग बोलू नका.

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झुडपांना पाकिटं लोंबकळत असतात. चिखलात मुरून, उन्हात वाळूनही त्यांच्यावरचं कंपनीचं नाव लांबून वाचता येतं. तुम्ही वाचू नका. तुम्ही हातमोजे घालून गोळा करा आणि फोटो काढा. मोहिमेच्या टी-शर्टवर तेच नाव छापलेलं असेल, तर योगायोग समजा.

उद्या सकाळी दूध आणायला जाल तेव्हा रिकामी पिशवी पुढे करून आपले 50 पैसेही मागून बघा. पिशवी परत घ्यायची आणि ती किंमत तिच्यावर छापायची, अशी तरतूद राज्याच्या 2018 च्या बंदीच्या अधिसूचनेत होती. डेअरीवाला आधी पिशवीकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग तुमच्यामागच्या गिऱ्हाइकाकडे. वाद घालू नका, उधारी त्याच्याकडेच असते. अर्धा लिटर घ्या, घरी या आणि आता दोन पिशव्या धुऊन वाळत घाला.