खुलासा : एटीव्हीची थ्रॉटल केबल पूर्ण ताणू नका

एटीव्ही म्हणजे खडबडीत जमिनीवर चालवायची, हँडल असलेली चारचाकी. तिचा वेग अंगठ्याने दाबायच्या लिव्हरने वाढतो आणि तो दाब इंजिनापर्यंत नेणारी तार म्हणजे थ्रॉटल केबल. ‘थ्रॉटल केबलमधली ढील पूर्ण काढा, पिकअप वाढतो, केबल जड झाली तर आत ग्रीस भरा’ असा मेसेज सध्या फिरतोय. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि पहिला तर धोकादायक.

अंगठ्याच्या लिव्हरला थोडा मोकळा खेळ, म्हणजे केबल ताणली जाण्याआधीची ढील, मुद्दाम ठेवलेला असतो. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो ३ ते ५ मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. खेळच नसेल तर हँडल वळवताना केबल ओढली जाते आणि वळणावरच इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. पडताळून पाहायचं असेल तर मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावून इंजिन चालू ठेवा आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. आवाज बदलता कामा नये.

घट्ट ग्रीसमध्ये धूळ चिकटते, थंडीत ते आणखी जड होतं. केबलचं पातळ वंगण वापरा. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असेल तर बहुधा तेही लागत नाही.

तारेचा एक धागा जरी तुटलेला दिसला तरी केबल बदलाच. नवी केबल जुन्याच मार्गाने न्या, सायलेन्सरपासून दूर. लिव्हर सोडल्यावर झटकन मागे आला पाहिजे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हे कळवा.