चेनला शिव्या घालण्याआधी तिचं कव्हर कोणी काढलं ते विचारा

मोटरची किंवा इंजिनाची ताकद दुचाकीच्या मागच्या चाकापर्यंत न्यायच्या तीन वाटा: चेन, बेल्ट आणि शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा. इलेक्ट्रिक दुचाक्या रस्त्यावर आल्यापासून 'चेनची कटकट नको, बेल्टवाली घे' हा सल्ला सर्रास ऐकू येतो. मग कुणीतरी म्हणतंच, 'खरी गंमत शाफ्टमध्ये, मेंटेनन्सच नाही.' दोन्ही अर्धवट. माझ्या मते आपल्याकडच्या रस्त्यांना आणि खिशाला चेनच योग्य आहे. वाकडं झालं ते स्पोर्टी दिसण्यापायी तिला उघडी पाडली तेव्हा.

आधी एक गोंधळ मिटवू. ॲक्टिव्हातला बेल्ट हा नव्हे. तो व्हेरिएटरचा व्ही-बेल्ट, गिअरबॉक्सचं काम करणारा. त्याच्या पुढे चाकापर्यंत ताकद जाते ती तेलातल्या गिअरमधून. आपण बोलतोय ते थेट मागचं चाक फिरवणाऱ्या दातेरी बेल्टबद्दल: हार्ले, रिव्होल्ट आरव्ही400, एथर 450.

कुठे काय बसतं हे बघायला बीएमडब्ल्यूसारखं उदाहरण नाही, कारण ही कंपनी तिन्ही वापरून बसली आहे. 798 सीसीचं तेच पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचं) इंजिन एफ 800 एसटीत बेल्टला जोडलं आणि एफ 800 जीएसमध्ये चेनला. पहिली डांबरी रस्त्याची, दुसरी खडकाळ वाटेची. आणि बॉक्सर (दोन बाजूंना आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनच्या आर मालिकेला शाफ्ट, थेट 1923 च्या आर 32 पासून. कारण बॉक्सरचा क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, गाडीच्या लांबीत बसतो, त्यामुळे ताकद फक्त एकदा, चाकापाशी, काटकोनात वळवावी लागते. गाडीच्या रुंदीत आडव्या बसलेल्या क्रँकच्या इंजिनाला शाफ्ट लावला तर दोनदा वळवावी लागते, आणि प्रत्येक वळणावर बेव्हल गिअर (ताकद काटकोनात वळवणारा तिरप्या दातांचा गिअर) थोडी ताकद खातो.

बेल्टचं सुख खरं आहे. आवाज नाही, तेल नाही, रिमवर काळे शिंतोडे नाहीत, आणि चांगल्या रस्त्यावर 50,000 किलोमीटर सहज पार करतो. हार्लेने 1980 च्या स्टर्जिस मॉडेलपासून तो आणला, तो उगाच टिकला नाही. पण त्याचा शत्रू म्हणजे खडी. बेल्ट आणि पुलीच्या मध्ये एक टोकदार खडा सापडला की बेल्टला भोक पडतं किंवा आतल्या ताण झेलणाऱ्या दोऱ्या तुटतात. बाहेरून किरकोळ दिसतं. पुढे कधीतरी जोरात पिकअप घेताना दात उडतात. बेल्टला जोड नसतो, म्हणून बदलताना बहुतेक हार्लेंचा चिमटा (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा स्विंगआर्म) सोडवावा लागतो. रस्त्याकडेच्या मेकॅनिकचं ते काम नाही. सुटा बेल्ट घडी घालून डिकीत ठेवायचा नाही, पिळायचाही नाही. दोऱ्या तिथेच मोडतात. शिवाय बेल्टला छोटी पुली चालत नाही आणि चिमट्याची फार मोठी हालचाल मानवत नाही, म्हणून तो क्रूझर आणि शहरी गाड्यांत जास्त दिसतो. ओलाने 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या स्कूटरना बेल्ट सोडून चेन दिली, हेही बेल्टप्रेमींनी लक्षात घ्यावं.

शाफ्टबद्दल थोडक्यात. लांब पल्ल्याच्या जड गाडीला उत्तम. पण 'मेंटेनन्स नाही' ही थाप आहे. मागच्या हाउसिंगमध्ये 200 मिली किंवा त्याच्या आसपास गिअर ऑइल असतं, ते ठरल्या किलोमीटरला बदलावं लागतं. ड्रेनच्या लोहचुंबकी बोल्टवर राखाडी लगदा दिसला तर चालतं, चमकणारे तुकडे दिसले तर बेअरिंग निघालं समजा. स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे खाचेदार जोड) कोरडे राहिले किंवा वरचं रबरी आवरण फाटून पाणी आत गेलं तर जॉइंट गंजतो. आणि त्याचं बिल चेन सेटच्या भाषेत मोजता येत नाही.

आता चेन. स्वच्छ आणि तेलावलेली चेन साधारण 97-98 टक्के ताकद चाकापर्यंत पोचवते. इथे शाफ्ट मागे पडतो. पुढचं स्प्रॉकेट (चेन बसते ते दातेरी चक्र) 15 दातांचं 14 चं केलं, मागचं 45 चंच ठेवलं, की गुणोत्तर 3.00 वरून 3.21 होतं. घाटात ओढ वाढते, हायवेला इंजिन जास्त फिरतं. काही शे रुपयांत हा बदल बेल्टवर करून दाखवा!

'चेन ताणली' म्हणतो आपण, पण पट्ट्या ताणत नाहीत. कड्या जोडणाऱ्या पिन आणि त्यांवरच्या नळ्या (बुश) झिजतात आणि प्रत्येक कडीला केसभर लांबी वाढते. म्हणून मोजा. 520, 525, 530 या मापांच्या चेनचा पिच (लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर) 15.875 मिमी, म्हणजे नव्या 20 कड्या 317.5 मिमी. कंपनीप्रमाणे मर्यादा 319 ते 323 मिमी असते. 428 चा पिच 12.7 मिमी, तिच्या 20 कड्या 254. मोजपट्टी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढा. अर्धा दात उघडा पडला तर सेट संपला. सेट म्हणजे तिन्ही: चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. झिजून आकड्यासारख्या वाकलेल्या जुन्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर जाते.

ढिलाई, म्हणजे चेन खालच्या बाजूला हाताने वर-खाली किती हलते ते, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी बघा आणि सर्वांत घट्ट जागी सेट करा. साध्या गाड्यांना 20-30 मिमी, लांब सस्पेन्शनवाल्यांना त्याहून जास्त. आकडा चिमट्यावरच्या स्टिकरवर असतो. चिमटा वर-खाली होताना एक्सल आणि पुढचं स्प्रॉकेट यांतलं अंतर बदलतं, ती जागा चेनला लागतेच. 'टाइट कर रे जरा' म्हणून फटकन ताणलेली चेन गिअरबॉक्सचं आउटपुट बेअरिंग आणि ऑइल सील खाते. ढिलीपेक्षा घट्ट चेन जास्त नुकसान करते. एक्सलचा नट आवळल्यावर पुन्हा मोजा, आवळताना चाक हमखास सरकतं.

ओ-रिंग चेनला (कड्यांत रबरी रिंगा असलेल्या) पेट्रोल लावू नका, रबर फुगतं. रॉकेल मिळालं तर उत्तम, नाहीतर चेन क्लीनर. तारेचा ब्रश नको. पुसून कोरडी करा आणि 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या फेऱ्यावर आतल्या बाजूने लावा, म्हणजे फिरताना ते बाहेर फेकलं जात कड्यांत शिरतं. जास्तीचं पुसा. हे सगळं इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाक हाताने फिरवत. सेंटर स्टँडवर पहिला गिअर टाकून फडकं धरणाऱ्यांची बोटं जातात, यात अतिशयोक्ती नाही.

आणि आता मूळ मुद्दा. स्प्लेंडर, शाइन यांच्या पूर्ण बंद चेन केसला हसणारे खूप आहेत. पण त्या पत्र्याच्या डब्यात ना कोकणातला लाल चिखल जात, ना चाकाने उडवलेली वाळू. आत साधी, ओ-रिंग नसलेली 428 चेन असते, तरी ती निमूटपणे चालते आणि अख्खा सेट दीड-दोन हजारांच्या आत येतो. तोटा एकच: दिसत नाही म्हणून लोक विसरतात. रबरी बूच काढून ढिलाई बघता येते, तेवढं करा. केसला चेन घासून खडखड आली तर समजा ढिली आहे. उघड्या चेनवाल्या महागड्या गाडीचा मालक मात्र पावसाळ्यात दर 500 किलोमीटरला स्प्रे मारत बसतो, आणि मग म्हणतो बेल्टच हवा होता. 200 सीसीच्या टूरिंग गाडीला पूर्ण केस दिली तर वजन किती वाढेल? किलोभर. ग्राहकांनी मागितलीच नाही, म्हणून कंपन्यांनी दिली नाही.

तोवर उघडी चेन असेल तर मागे हगर (चाकाला लागून बसणारं छोटं मडगार्ड) बसवा, तेल राइड संपल्यावर चेन कोमट असताना लावा म्हणजे रात्रभर मुरतं, आणि सोबत तुमच्या मापाचा एक चेन लॉक, म्हणजे चेनची टोकं जोडणारी सुटी कडी, ठेवा. क्लिपवाला असेल तर क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या फेऱ्यावर इंजिनाकडे. उलट बसवली तर कशाला तरी घासून ती उडते.