फाटक बंद होतं म्हणून रस्ता खाजगी?

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या ऑनलाइन नकाशावर एका अनोळखी माणसाशी माझं आठवडाभर भांडण चाललं होतं. विषय: जेमतेम ३०० मीटरचा एक रस्ता. मी त्याला 'ॲक्सेस=प्रायव्हेट' हा टॅग, म्हणजे 'प्रवेश खाजगी' अशी खूण लावायचे, तो काढायचा. मी पुन्हा लावायचे. तिसऱ्या वेळी चेंजसेटच्या (एका वेळी सेव्ह केलेल्या बदलांच्या) वर्णनात मी नुसतं "दुरुस्ती" एवढंच लिहिलं. त्या एका शब्दात केवढा फणकारा होता ते मला माहीत आहे आणि त्यालाही कळला असणार.

चूक माझी होती. त्या रस्त्याने मी एकदाच गेले होते, तेही रात्री साडेदहाला. फाटक बंद आणि बाजूला 'खाजगी रस्ता' अशी पाटी. तो माणूस रोज सकाळी तिथूनच सायकलने जायचा. दिवसभर फाटक सताड उघडं असतं, कोणी कोणाला हटकत नाही. म्हणजे दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच नकाशात टाकलं होतं आणि दोघंही दुसऱ्याला खोटं ठरवत होतो.

२००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या या नकाशात कोणीही काहीही बदलू शकतं, टॅगसुद्धा मनाने नवा काढू शकतं. म्हणून वाद झाला की 'जागेवर काय आहे' हाच शेवटचा साक्षीदार मानतात. पण रस्ता डांबरी की मातीचा, रुंद की अरुंद, एवढंच हा साक्षीदार खात्रीने सांगतो. त्यावरून जायला कोणाला परवानगी आहे, हे डांबरावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते आपली निम्मी भांडणं इथेच जन्माला येतात. रस्ता कसा आहे, कोणाचा आहे आणि कोणी वापरायचा, हे तीन वेगळे प्रश्न आपण एकाच टॅगात कोंबतो.

ती पाटीच घ्या. 'खाजगी रस्ता' याचा अर्थ मालक खाजगी आहे. येऊ नका, असं ती म्हणतेच असं नाही. मालकीसाठी 'ओनरशिप' हा वेगळा टॅग आहे, पण तो किती जण वापरतात? पाटी दिसली की आपला हात थेट 'ॲक्सेस=प्रायव्हेट'वर. त्याचा अर्थ मात्र, ज्याला परवानगी मिळाली आहे त्यानेच जावं. मालकाने सगळ्यांना जाऊ दिलंय पण उद्या मनात आलं तर तो बंद करू शकतो, यासाठी 'परमिसिव्ह' आहे. तिथेच काम असेल तर जा, नुसता शॉर्टकट म्हणून नको, यासाठी 'डेस्टिनेशन'. गिऱ्हाइकांपुरता असेल तर 'कस्टमर्स'. एवढी शब्दसंपत्ती हाताशी असताना आपण दोन शब्दांवर भांडतो.

'नो'चा घोळ तर याहून वाईट. गाड्यांना बंदी असलेल्या गल्लीला कोणीतरी 'ॲक्सेस=नो' लावतं आणि त्या क्षणी पायी मार्ग शोधणाऱ्यांसाठीही ती गल्ली बंद होते. कारण 'ॲक्सेस'मध्ये सगळे आले: चालणारे, सायकलवाले, घोडेस्वारसुद्धा. त्याखाली 'व्हेइकल' (यात सायकलही येते), त्याखाली 'मोटर_व्हेइकल', त्याखाली 'मोटरकार'. जो टॅग जास्त नेमका, त्याचं चालतं. गाड्याच अडवायच्या होत्या तर 'मोटर_व्हेइकल=नो' पुरेसं होतं. हे लावणारा काही दुष्ट नसतो, त्याच्या डोळ्यांसमोर फक्त गाडीच असते. म्हणून कोणाचं 'नो' दिसलं की मी आता आधी विचारते, नेमकं कोणाला नो?

रस्त्यांच्या वर्गवारीवरूनही कमी हमरीतुमरी होत नाही. 'अनक्लासिफाइड' म्हणजे 'वर्ग माहीत नाही' असं समजून रस्ते टाकणारे मी ढिगाने पाहिलेत. तो शब्द ब्रिटिश रस्तेव्यवस्थेतून आला आणि त्याचा अर्थ लहानसा सार्वजनिक रस्ता. खरंच माहीत नसेल तर 'हायवे=रोड' आहे (इथे 'हायवे' म्हणजे कुठलाही रस्ता). 'पाथ', 'फुटवे' आणि 'सायकलवे' यांच्यात नेमकी सीमा कुठे, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि त्यात पडायची माझी इच्छा नाही. प्रकल्पाच्या विकीवर टॅगांचे प्रस्ताव येतात, निदान दोन आठवडे चर्चा, दोन आठवडे मतदान, पण मंजूर झालेला टॅगही कोणावर बंधनकारक नसतो. मात्र नकाशात रेघ ठळक दिसावी म्हणून पायवाटेला 'ट्रॅक' (शेताजंगलातला गाडीरस्ता) करणाऱ्यांशी मी जरूर भांडते. उद्या एखादा ड्रायव्हर त्या ठळक रेघेवर विश्वास ठेवून गाडी घालणार असतो.

सगळ्यात अवघड प्रकरण रस्ता पुसणाऱ्यांचं. जमिनीचा मालक वैतागतो, लोक त्याच्या आवारातून ये-जा करतात. मग तो खातं उघडून रस्ताच डिलीट करतो. त्याचा वैताग मला समजतो. पण उपाय उलटा बसतो. चार महिन्यांनी कोणीतरी दूरदेशी बसून उपग्रहचित्र बघतो, त्याला रस्ता स्पष्ट दिसतो आणि तो पुन्हा काढतो. या वेळी कसल्याही बंदीच्या टॅगशिवाय! अशा वेळी रस्ता ठेवून त्यावर 'प्रायव्हेट' लावणं हेच मालकाच्या फायद्याचं. जंगलातल्या बंद केलेल्या वाटांचंही तेच: जमिनीवर दिसतेय तोवर ती नकाशात 'ॲक्सेस=नो' लावून असू द्यावी. हे मालकाला समजावून सांगायला मात्र तीन-चार संदेश लागतात आणि नेमका त्याचाच आपल्याला कंटाळा.

रिव्हर्ट करणं, म्हणजे दुसऱ्याचा बदल उलटवणं, मात्र सोपं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं शेवटी ज्याने सेव्ह केलं त्याचा रस्ता. २०१४ पासून प्रत्येक चेंजसेटखाली चर्चा करायची सोय आहे, तरी आपण एकमेकांची कामं मुकाट्याने उलटवत बसतो. प्रकरण फारच चिघळलं तर असे वाद हाताळणारा डेटा वर्किंग ग्रुप आहे. ती स्वयंसेवकच मंडळी, गरज पडली तर खातं काही काळ ब्लॉक करतात. पण फाटक रात्री बंद असतं की दिवसा, हे तिथे जाणाऱ्यालाच ठाऊक. कंपन्यांचे पगारी मॅपर (नकाशात भर घालणारे) दिवसाला शेकडो बदल करतात तेव्हाही माझी तक्रार संख्येबद्दल नसते. "हे कशावरून टाकलंत?" असं विचारल्यावर उत्तर यावं, एवढीच अपेक्षा.

आमचं भांडण मिटलं ते त्याने प्रश्न विचारला म्हणून. चौथ्या वेळी त्याने रिव्हर्ट केलं नाही, खाली लिहिलं: "तुम्ही किती वाजता गेला होतात?" बस्, एवढंच. मी वेळ सांगितली. त्याने दुसऱ्या दिवशी जाऊन पाटीचा फोटो काढला. खाली बारीक अक्षरात रात्री १० ते सकाळी ६ फाटक बंद, असं होतं. मला अंधारात दिसलं नव्हतं आणि त्याने कधी वाचलं नव्हतं. आता त्या रस्त्याला 'परमिसिव्ह' आहे, सोबत रात्रीच्या वेळेचा कंडिशनल (अटीचा) टॅग, आणि फाटकही वेगळा बिंदू म्हणून नोंदवलंय.

परवा त्यानेच माझ्या दुसऱ्या एका चेंजसेटखाली विचारलंय, तिथल्या पायऱ्यांना कठडा आहे का. मला आठवत नाहीये. रविवारी जाऊन बघते.