‘पास काढा आणि निर्धास्त फिरा’ : जरा थांबा, हिशेब मांडा

युरोपात रेल्वेने फिरणाऱ्यांसाठी एक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘प्रत्येक प्रवासाची सुटी तिकिटं महाग पडतात. युरेल पास (अनेक देशांच्या रेल्वेत चालणारा एकच पास) काढा, कुठल्याही गाडीत बसा, वर एक पैसाही लागत नाही.’

आधी ‘कुठल्याही गाडीत’ बघू. पास 33 देशांत चालतो, हे खरं. पण फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोसा, लंडनला पॅरिसशी जोडणारी युरोस्टार या वेगवान गाड्यांना आणि बहुतेक रात्रगाड्यांना पास असला तरी आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा असतात. त्या संपल्या की इतर जागा रिकाम्या असल्या तरी उपयोग नाही. विगो आणि फ्लिक्सट्रेन या स्वस्त गाड्या तर पासात येतच नाहीत.

‘बसा’ हेही तितकं सरळ नाही. मोबाइलवरचा पास असेल तर चढण्याआधी ॲपमध्ये तो प्रवास पासला जोडावा लागतो. ते राहिलं तर तपासनिसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट.

आता ‘सुटी तिकिटं महाग’. महाग कधी काढलेली? लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांचे दर विमानासारखे चढत जातात. आदल्या दिवशी डोळे पांढरे करणारं तिकीट दोन-तीन महिने आधी कितीतरी स्वस्तात मिळतं. मात्र अशी सवलतीची तिकिटं बहुधा त्याच गाडीला बांधलेली असतात. पास खरा कामाचा ठरतो तो इथेच. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स या देशांत देशांतर्गत बहुतेक गाड्यांना आरक्षण लागत नाही. साल्झबर्गला पाऊस लागला, तर सरळ म्युनिकची गाडी पकडा. तारखा पक्क्या असतील तर ही मोकळीक तुम्ही विनाकारण विकत घेताय.

फ्लेक्सी पासात ठरावीक मुदतीत प्रवासाचे मोजकेच दिवस मिळतात. त्याचा हिशेब सोपा आहे. पासाच्या किमतीला प्रवासाच्या दिवसांनी भागा. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा हा तासाभराचा प्रवास. त्याचं सुटं तिकीट या भागाकारापुढे किरकोळ आहे. त्यासाठी पासातला दिवस जाळणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. उलट रात्रगाडीचं. मध्यरात्रीनंतर गाडी बदलायची नसेल तर फक्त निघण्याचा दिवस मोजला जातो.

हाच सल्ला काहीजण जपानलाही चिकटवतात. तिथे ऑक्टोबर 2023 मध्ये जपान रेल पास (सात दिवसांचा, साध्या वर्गाचा) 29,650 येनवरून 50,000 येनवर गेला. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन साधारण 28,000 येन लागतात. पूर्वी एवढ्यात पास जवळपास वसूल व्हायचा, आता अर्ध्याच्या थोडाच पुढे जातो. शिवाय या मार्गावरच्या सर्वांत वेगवान नोझोमी गाडीला पासावर वेगळे पैसे लागतात.

राहिली मुलं. युरेलमध्ये 4 ते 11 वर्षांच्या मुलांना मोठ्यांबरोबर मोफत पास मिळतो. मुलं बरोबर असतील तर वरचा सगळा हिशेब पुन्हा मांडा. पण आरक्षणाचे पैसे त्यांच्यासाठीही धरायला विसरू नका.