रोबोला 'ते' कळत नाही

सोसायटीत तुम्ही आयटीत आहात हे एकदा फुटलं की आधी लोक बंद पडलेला प्रिंटर घेऊन येतात, मग वायफायचा पासवर्ड विसरला म्हणून येतात, आणि मे महिन्याची सुट्टी लागली की सेक्रेटरी लिफ्टमध्ये गाठतात. "मॅडम, मुलांना जरा ते कोडिंगबिडिंग शिकवा ना, दिवसभर पार्किंगमध्ये गाड्यांवर बॉल मारतात." चालत्या लिफ्टमध्ये नाही म्हणून जाणार कुठे? तर अशा रीतीने घोडबंदर रोडवरच्या आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाऊसमध्ये, कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून, माझा पायथॉन ह्या कोडिंगच्या भाषेचा वर्ग सुरू झाला.

मी मुद्दाम रोबोवालं निवडलं. ब्राउझरमध्ये चौकटींचं एक मैदान, त्यात छोटासा रोबो, त्याला कोड लिहून चालवायचं, वळवायचं, वाटेत पडलेली वस्तू उचलायला लावायची. आयडिया माझी नाही, स्टॅनफर्डला असताना रिचर्ड पॅटिस यांनी कॅरेल नावाचा असा रोबो काढला, १९८१ मध्ये त्याचं पुस्तक आलं. तेव्हा तो पास्कलसारखी भाषा बोलायचा, आता त्याची पायथॉन बोलणारी नातवंडं नेटवर फुकट मिळतात. मुलांना उगाच थिअरी पाजण्यापेक्षा हे बरं, चुकलं की रोबो भिंतीवर आपटताना दिसतो आणि सगळे खूश होतात. इतके खूश की पहिल्या दिवशी कोणाला बरोबर उत्तर नकोच होतं.

मी फळ्यावर लिहिलं 'मूव्ह', पुढे ब्रॅकेट उघडा, ब्रॅकेट बंद. "काकू, ब्रॅकेटमध्ये काय लिहायचं?" काही नाही. "मग ब्रॅकेट कशाला?" आता ह्याचं खरं उत्तर आहे, पण ते दहा वर्षांच्या पोराला वेफर्स खाताना सांगायचं म्हणजे कठीण काम. सी विंगच्या एकाने ब्रॅकेट वाचवले आणि नुसतं मूव्ह लिहिलं. गंमत अशी की पायथॉनच्या नियमात नुसतं नाव लिहिणं ही चूकच नाही, तो त्या फंक्शनकडे, म्हणजे त्या नावाच्या कामाकडे, नुसता बघतो आणि गप्प बसतो. एरर नाही, काही नाही. रोबो जागच्या जागी. "काकू, हा रुसलाय." नाही रे, तू त्याला फक्त हाक मारलीस, काम कुठे सांगितलंस?

टॅबलेटवाल्यांचं वेगळंच. तो कीबोर्ड स्वतःच शहाणपणा करून पहिलं अक्षर कॅपिटल करतो, आणि पायथॉनला कॅपिटल एमचा मूव्ह म्हणजे कोणीतरी परका माणूस. लाल अक्षरात नेम एरर. त्यात पायथॉन ३.१० पासून तो वर विचारतोही, 'डिड यू मीन मूव्ह?' ह्यावर बी विंगची जी मुलगी आहे, पुढे नक्की वकील होणार, ती उसळलीच. "म्हणजे ह्याला कळलंय आम्हाला काय पाहिजे ते! मग करत का नाही?"

आणि मला तिचं पटलं हो. आपल्या घरांमध्ये पूर्ण वाक्य कोण बोलतं? "ए, ते त्याच्यावरचं ते दे गं" एवढ्यावर फ्रिजवरची किल्ली बरोबर हातात येते. आई नुसती बघते आणि पाहुण्यांसमोरचा तिसरा लाडू आपण खाली ठेवतो. लहानपणापासून न बोललेलं ओळखायची ट्रेनिंग झालेली ही पोरं, त्यांच्यासमोर मी असा प्राणी आणून ठेवला ज्याला 'जरा', 'तिकडे' आणि 'नेहमीसारखं' हे तिन्ही कळत नाही.

त्यात ह्या रोबोला उजवीकडे वळता येत नाही. कॅरेलच्या घराण्याची ही मूळचीच रीत आहे, फक्त टर्न लेफ्ट दिलेलं असतं, उजवं पाहिजे तर तीनदा डावीकडे वळा आणि त्याचं स्वतःचं फंक्शन बनवा. मला वाटलं इथे बंड होणार. पण एकजण शांतपणे म्हणाला, "काकू, समोरच्या मेडिकलमध्ये जायला बाबा पण असंच करतात, पुढच्या फ्लायओव्हरखालून यू टर्न मारतात." घोडबंदर रोडचे माझ्यावर हे एवढे एकच उपकार आहेत. टर्न राईटचं फंक्शन सगळ्यांनी पटापट लिहून टाकलं.

लिहिलं, पण चाललं नाही, कारण इंडेंट. डेफ, म्हणजे फंक्शन ज्या शब्दाने सुरू होतं, त्याच्या खालच्या ओळी आत सरकवायच्या, साधारण चार स्पेस, आणि सगळ्या सारख्या. कोणी टॅब मारला, कोणी स्पेस, एकाने दोन्ही, आणि "काकू दिसायला तर सेम आहे" हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. व्हाईल लूपच्या, म्हणजे अट खरी आहे तोवर तेच तेच करायला लावण्याच्या, दिवशी कहरच झाला. 'समोर मोकळं आहे तोवर' च्या खाली मूव्हऐवजी एकाने टर्न लेफ्ट टाकलं, रोबो मोकळ्या मैदानाच्या मधोमध, चारी बाजूंना भिंत नाही, तो जो गरगर फिरायला लागला तो लॅपटॉपचा फॅन ओरडेपर्यंत. पोरांनी गरब्याचं गाणं लावलं. बंद करू देईनात.

सगळ्यात हुशार विद्यार्थी निघाले ए विंगचे आजोबा. ते खरं तर एसीसाठी येऊन बसायचे. सरकारी नोकरीतून रिटायर. एक दिवस नातवाच्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "अरे कोलन राहिला, अर्ज परत येणार." आला! पायथॉनचा स्वभाव ह्या माणसाला एका नजरेत कळला होता. "ताई, ह्याच्याशी वाद घालायचा नाही. मागेल ते, मागेल तिथे, मागेल तसं. आम्ही आयुष्यभर हेच केलं." मग मुलं मला सोडून त्यांनाच विचारायला लागली.

पालकांचा एकच प्रश्न, सर्टिफिकेट मिळणार का. मिळालं.

काल त्या टॅबलेटवाल्यांपैकी एकाच्या आईचा मेसेज आला. ती त्याला सांगून आंघोळीला गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. त्याने तीन मोजल्या आणि बंद केला, डाळ कच्ची. कारण त्यातल्या दोन शेजारच्या कुकरच्या होत्या. विचारल्यावर म्हणे, "कोणाच्या कुकरच्या ते तू डिफाइन नव्हतं केलंस." खाली तिने लिहिलं होतं, 'ताई, पुढच्या सुट्टीत ह्याला स्विमिंगला घालतेय.'