तोरणमाळच्या पोस्टवरच्या कमेंटला उत्तर : बाहेर झोपणं नेमकं कुणाला नवीन?

भाऊ, तुमची कमेंट नीट वाचली, म्हणून जरा सविस्तरच लिहिते. तुमचं म्हणणं असं की खान्देशातला शेतकरी रात्रीची लाईट आली की पाणी भरायला जातो, जागल करतो, उघड्यावर झोपतो, त्याचं कुणाला कौतुक नाही, आणि आम्ही मित्रमैत्रिणींनी तोरणमाळला, नंदुरबारच्या सातपुड्यातल्या थंड हवेच्या ठिकाणी, तंबूत एक रात्र काढली तर लगेच 'नवीन अनुभव', हे पैसेवाल्यांचे चोचले. शिवाय साप-बिबट्याच्या सातपुड्यात पोरांना पाठवायला सांगते आणि जंगलात आग पेटवते, याचा तुम्हाला राग आलाय.

शेतकऱ्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरंय. माझे वडील थंडीत मध्यरात्री मोटर चालू करायला जायचे, आई दाराशी बसून राहायची. पण भाऊ, आईचंच बघा ना. तिने निंदलं, कापूस वेचला, आख्खा दिवस रानात, पण दिवस मावळला की घरात. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेवढंच आमचं आभाळ. जागलीला बाप्ये गेले, बायांना कोणी नेलं नाही. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं आख्खं आयुष्य फैजपूरला गेलं, सातपुडा तिला रोज घरातून दिसतो, पण अंधार पडल्यावर डोंगरात थांबणं तिला कोणी करूच दिलं नव्हतं, मग तिला ते नवीनच ना?

आणि शेती करणारा पण होता आमच्यात, शिरपूरकडचा. आम्ही टॉर्च बंद करून तलावाच्या कडेकडेने चाललो होतो, पहिले पाच मिनिटं काहीच दिसत नव्हतं, एकमेकांचे हात धरलेले. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्ये कोणी मोबाईल चमकवला की पुन्हा पहिल्यापासून. मग हळूहळू पायवाट दिसायला लागली, दगड दिसायला लागले, पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं, त्याच्या पोटातला बाण, मागून व्याध. तर हा म्हणाला, "मी रोज रात्री शेतात असतो पण सगळं ध्यान मोटरकडे, लाईट गेली का, पाईप फुटला का, वर कधी पाह्यलंच नाही." तुम्हाला जर वाटत असेल की अशा माणसाला एक रात्र बिनकामाची मिळणं हे चोचले आहेत, तर मला ते अजिबात पटत नाही.

सापाचं म्हणाल तर भीती बरोबर आहे पण तंबूला दोष नका देऊ. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि चावली तरी फारसं दुखत नाही म्हणून माणूस झोपूनच राहतो, तिथेच घात होतो. चेन पूर्ण लावलेला तंबू हा उघड्यावर टाकलेल्या गोधडीपेक्षा जास्त सुरक्षित. बूट आत घ्यायचे, सकाळी झटकून घालायचे, रात्री उठलं तर टॉर्चशिवाय पाय टाकायचा नाही. आणि काही झालंच तर भगताकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही विषांवर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे मिळतं. दवाखाना कुठेय ते आम्ही जायच्या आधीच विचारून ठेवलं होतं. राहिलो तेही जंगलात घुसून नाही, एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या घराशेजारी, त्यांना विचारून, आणि बिबट्याचं काय, रात्री कुठे जायचं कुठे नाही हे त्यांनीच सांगितलं, आम्ही ऐकलं.

(ज्यांनी दुसऱ्या कमेंटमध्ये तंबू गळतो का विचारलं त्यांच्यासाठी : पहाटे आतून कापड ओलं लागतं ते आपल्याच श्वासाची वाफ असते, थंडी वाजते म्हणून वरच्या जाळ्या बंद करू नका.)

आता आग. जंगलातली एक काडी मोडलेली नाही भाऊ. कापसाच्या पराट्या, म्हणजे वेचणी झाल्यावर उरलेल्या वाळक्या काड्या, घरून गाडीच्या डिकीत भरून नेल्या होत्या, सात पायरी घाटात सगळी गाडी त्याच वासाने भरलेली. वांगी भरितासाठी नावाजलेल्या बामणोदची, आणि तुम्ही खान्देशातले आहात, गॅसवरच्या भरिताला ती चव येत नाही हे मी तुम्हाला काय सांगायचं. त्या घरच्या अंगणातल्या चुलीवरच वांगी भाजली, सालं काळी पडून फुटायला लागली की वास सुटतो बघा, त्या वासाने त्यांच्या घरची पोरं जवळ येऊन बसली. त्या काकूंनी ज्वारीच्या भाकरी दिल्या, आमच्यातल्या दोघांनी आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली, ती फाटली तरी काकूंनी तव्यावर टाकलीच. निखाऱ्यांवर पाणी ओतून, राख हाताला गार लागेपर्यंत कोणी झोपायला गेलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग एप्रिल-मेमध्येही असंच करायला सांगणार का. नाही. त्या दिवसात सगळा पाला वाळलेला असतो, एक ठिणगी उडाली तरी वणवा लागतो आणि मोहफुलं वेचणाऱ्यांची कमाई त्या जंगलावरच असते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर पराट्या घरीच ठेवा, भरीत घरूनच करून न्या.